आमच्या घरातला नास्तिक



गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या घरी जे झालं ते इथे लिहावं की नको, हे वर्षभर ठरत नव्हतं. शेवटी सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही की. नाहीतरी गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहेच."

पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. त्या दिवशीच्या अभिषेकाचा मान आमच्या घराकडे होता. धाकटा रात्रीच्या गाडीने पुण्याहून आला होता. मी धोतर-दुपट्टा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. तो अंघोळ करून बाहेर आला, धोतराकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, मी बस्तीत येतो, मागे बसतो. पण अभिषेक करणार नाही. मी नास्तिक आहे. मनात नसताना हातात कलश घेणं मला खोटं वाटतं."

सासूबाई नळाला फडकं बांधून पाणी गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. "क्षमेच्या दिवशीच हे ऐकायचं होतं," एवढंच त्या बोलल्या आणि पुढचे दहा दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. अभिषेक दिरांच्या मुलाने केला. हा खरंच मागच्या खांबाशी बसून होता, मांडी घालून, शेवटपर्यंत.

खरं सांगते, मला पहिल्यांदा आली ती लाज. मान आमचा आणि कलश दुसऱ्याच्या हातात, बायका काय म्हणतील! मग राग आला, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर भीती. आता याच्या लग्नाचं कसं होणार, हा उद्या काय काय सोडणार. धर्माची चिंता या रांगेत बरीच मागे होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पर्वात दुपारी घरात शांतता असते. माझं एकाशन होतं, चूल लवकर विझायची. त्या दुपारी मी पुस्तकं घेऊन बसले. मुलगा स्वतःला जे म्हणवून घेतो तो शब्द तरी नीट कळावा, एवढाच हेतू होता. आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. कारण जुन्या हिशेबाने बघायला गेलं तर आमच्या घरातले सगळेच नास्तिक निघाले. पाणी गाळणाऱ्या सासूबाईंसकट.

मनुस्मृतीप्रमाणे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणून पंडितांनी दर्शनांची वाटणी केली तेव्हा चार्वाक, बौद्ध आणि जैन हे तिघे नास्तिकांच्या रांगेत बसवले गेले. गंमत अशी, की सांख्यांच्या जुन्या मांडणीत जग निर्माण करणारा ईश्वर नाही, मीमांसकांनाही तो लागत नाही, तरी ते आस्तिक. कारण ते वेद मानतात. म्हणजे देव मानतो की नाही हा प्रश्न तिथे नव्हताच. त्याआधी पाणिनीच्या व्याकरणात हे शब्द वेगळ्याच अर्थाने येतात. परलोक आहे असं ज्याचं मत तो आस्तिक, नाही असं ज्याचं मत तो नास्तिक, असा टीकाकारांनी त्याचा अर्थ लावला आहे. या व्याख्येने आपण पक्के आस्तिक. पुनर्जन्म, कर्म, स्वर्ग-नरक, मोक्ष, सगळंच आपण मानतो. एकाच घराला मनूने रांगेबाहेर काढलं आणि पाणिनीने पाट मांडला.

बाहेरच्या देशांतही हा शब्द असाच फिरलेला दिसतो. अथेन्समध्ये इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला विष प्यायला लावलं, त्याच्यावरच्या आरोपांत नगराचे देव न मानण्याचा आरोप होता. पुढे रोमन लोक पहिल्या ख्रिस्ती लोकांना देव न मानणारे म्हणत, कारण ते रोमच्या देवांना नैवेद्य दाखवत नसत. नंतर ख्रिस्ती राज्यं आली आणि तोच आरोप त्यांनी इतरांवर केला. कवी शेलीला १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकलं ते नास्तिकतेवरच्या एका लहानशा पुस्तिकेमुळे. 'मी नास्तिक आहे' असं माणसं अभिमानाने सांगायला लागली ती गेल्या दोन-अडीचशे वर्षांत. त्याआधी हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याला मारायचा दगडच होता.

तिसऱ्या दिवशी मी धाकट्याला म्हटलं, "अरे, आपल्या धर्मात जगाचा कर्ता देव नाहीच. मग तू नवीन काय सांगितलंस?" तो हसला. म्हणाला, "मला माहीत आहे, आई. मला ते कुठे कळलं ते सांगू?" आणि त्याने कार्ल सेगन या अमेरिकन शास्त्रज्ञाचं 'कॉसमॉस' पुस्तक आणून दाखवलं. त्यातल्या एका प्रकरणाच्या सुरुवातीला चक्क आपल्या महापुराणातला उतारा! राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकात होऊन गेलेले आचार्य जिनसेन, अमोघवर्ष राजाचे गुरू. आदिपुराणात त्यांनी जगत्कर्त्याच्या कल्पनेवर प्रश्नांची सरबत्ती केली आहे. जग करण्याआधी तो कुठे उभा होता? सामान कुठून आणलं? ते सामान आधी त्यानेच केलं असेल तर ते कशातून केलं? तो परिपूर्ण असेल तर त्याला काही करायची इच्छा का व्हावी? दयेपोटी केलं म्हणावं, तर मग सगळ्यांना सुखी का नाही केलं?

आदिपुराण आमच्या बस्तीत कितीतरी चातुर्मासांत वाचलं गेलंय. भगवान ऋषभदेवांचे पूर्वभव आले की बायका सावरून बसतात आणि हा भाग आला की पेंगतात. मीही पेंगलेच असणार. माझ्या मुलाला आमच्या आचार्यांची ओळख अमेरिकेतल्या माणसाने करून द्यावी, याचं मला त्या दुपारी फार वाईट वाटलं.

आणि आता जे लिहितेय ते लिहायला जड जातंय. तो बारावीला होता तेव्हा मी होंबुजाला जाऊन पद्मावती देवीला नवस बोलले होते. चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा साडी-चोळी घेऊन फेडायलाही गेले. आपले तीर्थंकर वीतराग. ते कुणावर प्रसन्न होत नाहीत, कुणावर कोपत नाहीत, काही देत नाहीत, काही घेत नाहीत. अभिषेक आपण करतो तो आपल्या भावशुद्धीसाठी. हे मी पाठशाळेत मुलांना शिकवते. आणि घरात बोलताना? "देवाच्या कृपेने पाऊस झाला", "भगवंताने बघून घेतलं", "देवानेच वाचवलं." बस्तीत बोली लागते तेव्हा जास्त बोलीवाल्याला जास्त पुण्य, असा भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो, बोली न परवडणाऱ्याच्याही. तेव्हा देव काही देत नाही हे शास्त्रातलं वाक्य आमच्या घरात खरं मानणारा एकच जण होता, आणि तो खांबाशी बसला होता.

पण एवढ्यावर गोष्ट मिटली असं समजू नका. "अगं, मग काय, आपणही नास्तिकच, झालं तर," असं माझ्या जावेने लगेच म्हणून टाकलं, पण ते खरं नाही. कर्ता नाही इथपर्यंत धाकटा आणि जिनसेन आचार्य बरोबर चालतात. पुढच्या वळणावर वाटा फुटतात. हा आत्माही मानत नाही. मेंदू थांबला की संपलं, म्हणतो. कर्म, पुनर्जन्म, निर्जरा, काहीच नाही. हे मत आपल्या शास्त्रांना अनोळखी नाही. भगवान महावीरांच्याच काळात अजित केशकंबली नावाचा एक आचार्य होता. शरीर चार भूतांचं, मेल्यावर माती मातीत, पाणी पाण्यात, पुढे काही नाही, असं तो शिकवायचा. आदिपुराणातच महाबल राजाच्या दरबारात महामती नावाचा मंत्री हेच मांडतो आणि स्वयंबुद्ध मंत्री त्याला उत्तर देतो. पुढे महामतीची गती काही बरी सांगितलेली नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. पण दरबारात त्याचं पूर्ण ऐकून घेतलं गेलं. बोलायच्या आधीच त्याला कुणी बाहेर काढलं नाही.

चार्वाकांची स्वतःची पुस्तकं जवळजवळ उरलीच नाहीत. कर्ज काढून तूप पिणारे म्हणून जी त्यांची ख्याती आहे, ती त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या ग्रंथांतून आलेली. शेजारणीने सांगितलेल्या गोष्टीवरून सुनेची पारख करावी तसंच हे. आपल्या हरिभद्र सूरींनी आठव्या शतकात 'षड्दर्शनसमुच्चय' लिहिला, त्यात शेवटी का होईना, लोकायतांनाही जागा दिली.

मला सगळ्यात आवडली ती पाटणची गोष्ट. जयराशी भट्ट नावाचा एक पंडित होऊन गेला. त्याला कुणी चार्वाकपंथी म्हणतात, कुणी कुठल्याच पंथात न बसणारा संशयवादी. 'तत्त्वोपप्लवसिंह' हा त्याचा ग्रंथ. त्यात त्याने नैयायिक, बौद्ध, मीमांसक, जैन, कुणालाच सोडलेलं नाही. सगळ्यांची प्रमाणं उलथून टाकली आहेत. हा ग्रंथ नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९२६ मध्ये त्याची ताडपत्रावरची एकुलती एक प्रत सापडली. कुठे, तर गुजरातेत पाटणच्या जैन ग्रंथभांडारात! १९४० मध्ये ती बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापली गेली आणि संपादकांपैकी एक होते पंडित सुखलालजी संघवी. देवीच्या आजारात किशोरवयातच ज्यांची दृष्टी गेली ते जैन पंडित.

आपण श्रुतपंचमीला शास्त्रं बाहेर काढतो, धूळ झटकतो, नव्या वेष्टनात बांधून ठेवतो. श्वेतांबरांकडे ज्ञानपंचमीला हेच असतं. पाटणच्या भांडारात कितीतरी पिढ्या कुणीतरी हेही बाड झटकलं असेल. आत आपल्याच धर्माचं खंडन आहे हे त्यांतल्या काहींना नक्कीच ठाऊक असणार. तरी पोथी जाळली नाही, नदीत सोडली नाही. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोथी गप्प बसते गं. पोरगं बोलतं."

आमच्या वरच्या मजल्यावर एक श्वेतांबर भाभी राहतात. त्यांनी मला पएसी राजाची कथा सांगितली. ती त्यांच्या रायपसेणिय सूत्रात आहे, आपल्याकडे ते सूत्र मानत नाहीत, पण कथा ऐकायला काय हरकत. हा राजा आत्मा मानायचा नाही. नुसतं म्हणून थांबायचा नाही, तपासून बघायचा. एका चोराला लोखंडी भांड्यात कोंडून झाकण पक्कं बंद केलं. चोर मेला, भांड्याला कुठे चीर नाही. मग जीव गेला कुठून? दुसऱ्याला जिवंतपणी तोलला, मेल्यावर तोलला, वजन तेवढंच. आणि माझे आजोबा एवढे पापी, नरकात गेले असतील तर मला सावध करायला का आले नाहीत? पार्श्वनाथांच्या परंपरेतल्या केशी श्रमणांनी एकेक उत्तर दिलं. बंद घरातल्या ढोलाचा आवाज भिंत न फोडता बाहेर येतोच. भाता रिकामा तोलला काय नि हवा भरून तोलला काय, वजन तेच. शेवटी राजा श्रावक झाला.

मी उत्साहाने ही कथा धाकट्याला सांगितली. त्याने सगळी ऐकली. मग म्हणाला, "आई, फुटबॉलमध्ये हवा भरली की वजन वाढतं. नाजूक काट्यावर कळतं." मी गप्प. त्यावर तो जे म्हणाला ते मला जास्त लागलं. "पण तो राजा मला आवडला नाही. स्वतःचा प्रश्न सोडवायला दुसऱ्याला मारायचं?" आत्मा न मानणाऱ्या माझ्या पोराला कथेतल्या चोराची हिंसा दिसली. मला, रोज सामायिक करणारीला, ती दिसलीच नव्हती. मी वजनातच अडकले होते.

नास्तिक म्हटलं की बेबंद, व्यसनी, आई-बापाला न विचारणारा, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. काही नावं आठवली तर हे चित्र टिकत नाही. आगरकर देवाधर्माच्या बाबतीत अज्ञेयवादी. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, जिवंतपणी लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि ३९ व्या वर्षी ते गेले. मागे ठेवायला पैसा नव्हता. भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपण नास्तिक का आहोत ते लिहिलं. समोर फाशी दिसत असताना, देवाचा आधार घेणं सोपं असताना. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नसत, पण आपली चळवळ देवाविरुद्ध नाही, शोषणाविरुद्ध आहे, हे शेवटपर्यंत सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. मारणारे नास्तिक नव्हते, एवढं म्हणून पुढे जाते.

२०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. आपण जैन सुमारे ४४ लाख. खरे नास्तिक याहून पुष्कळ असणार. आमचाच बघा. जनगणनेचा माणूस दारात आला तर दार उघडणार मी, आणि त्याच्या नावापुढे 'जैन' सांगणारही मीच.

नास्तिकांचं सगळंच मला पटतं असंही नाही. काही जणांना दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल केल्याशिवाय आपली बुद्धी सिद्ध झाली असं वाटत नाही. उपवास करणाऱ्या बाईला 'मूर्ख' म्हणणं हा काही विवेक नाही. मुनिमहाराजांच्या केशलोचाची चित्रं फिरवून हसणारे मी पाहिले आहेत. एकदा तरी स्वतःच्या हाताने एक केस उपटून बघा म्हणावं. धाकटा असं करत नाही, पण त्याचे मित्र करतात, आणि तो त्यांना अडवत नाही. यावरून आमचं भांडण झालंय आणि ते मिटलेलं नाही.

माझे एक मामा होते. शिरोळ तालुक्यात शाळामास्तर. जन्मभर देव मानला नाही, पण जन्मभर रात्री जेवलेही नाहीत. "पोटाला बरं असतं," म्हणायचे. मुनिमहाराज गावात आले की चौका लावायला पैसे द्यायचे, स्वतः आहाराला उभे राहायचे नाहीत. "मनशुद्धी, वचनशुद्धी म्हणायची असते. माझी नाही, मग का म्हणू?" देहदानाचा अर्ज त्यांनी आधीच भरून ठेवला होता. शेवटच्या दिवसांत मला म्हणाले, "कानाशी काही म्हणत बसू नका. मला तेव्हा उत्तर देता येणार नाही."

ती वेळ आली तेव्हा मामी, मावश्या, सगळे माझ्याकडे बघत होते. मला णमोकार म्हणायची सवय, माझा आवाज बरा, म्हणून मीच म्हणायचा असं ठरलेलं. आपल्यात जाणाऱ्याच्या कानावर मंत्र पडावा म्हणून माणसं किती धडपडतात, तुम्हाला सांगायला नको. मी उठून बाहेर सोप्यात जाऊन बसले आणि तिथे स्वतःशी म्हटला. मावशीने माझ्याशी सहा महिने अबोला धरला. तिच्या मते मी सख्ख्या मामाची गती बिघडवली. त्यांच्या शब्दाला जागले असं मला वाटतं, पण रात्री-अपरात्री मावशीचंही म्हणणं ऐकू येतं. माझ्या श्रद्धेप्रमाणे तो मंत्र खरंच काही करणारा असेल, तर मी तो आठ हातांवरून त्यांना दिला नाही.

मुलाला मी सांगितलंय ते एवढंच. आत्मा आहे, कर्म आहे, यावर माझी श्रद्धा आहे आणि ती तुझ्या फुटबॉलने जात नाही. सम्यक दर्शन जबरदस्तीने होत नाही हे मला शिकवलेलं आहे, तेव्हा कलशाची सक्ती करणार नाही. पण 'सगळं झूट' हे वाक्य पाठ केलेलं नको. वाचून, तपासून म्हण. मीही आता 'देवाच्या कृपेने' म्हणताना जीभ आवरते. दहातून चार वेळा जमतं.

पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. तो आपणहून सासूबाईंच्या पाया पडला. "आज्जी, मन दुखावलं असेल तर क्षमा कर." दहा दिवसांनी त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलल्या. "क्षमा केली. पण एक सांग. मी जाताना माझ्या कानात णमोकार कोण म्हणणार? तुझा बाप त्या वेळी रडत बसेल."

"मी म्हणेन, आज्जी. मला पाठ आहे."

"मनात नसताना? कलश खोटा वाटतो, मग मंत्र कसा चालतो?"

त्याला लगेच उत्तर सुचलं नाही. जरा वेळाने म्हणाला, "कलश माझ्या नावावर होता. मंत्र तुझ्यासाठी असेल. तुला चालेल का, ते तू सांग."

सासूबाईंनी पदर सावरला. "विचार करून सांगते," म्हणाल्या.

वर्ष झालं, अजून सांगितलेलं नाही.